सोळा दिवसांना एक रहस्यकथा

भिलाईत कामाची विचारपूस आकड्यांनी होते. आज किती टन निघाले, रेल मिलमधून किती रूळ बाहेर पडले, कुठल्या शिफ्टने कोणाला मागे टाकले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून गावाच्या अंगात ही सवय मुरली आहे. त्याच सवयीने एका मराठी लेखकाचा हिशेब मांडून पाहावा. बाबुराव अर्नाळकरांच्या नावावर गिनेस बुकाने १,०९२ रहस्यकथांची नोंद केली. काळ १९३६ ते १९८४. अठ्ठेचाळीस वर्षांचे दिवस काढून भागाकार केला, तर सोळा दिवसांना एक रहस्यकथा पडते.

सोळा दिवस! त्यात सणवार आले, आजारपणे आली, घरातली लग्नकार्ये आणि मयती आल्या, महायुद्धातली कागदटंचाई आली, स्वातंत्र्य आले, मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला. सोळाव्या दिवशी मात्र नवा खून, नवी पळवापळवी, नवा तोतया आणि शेवटी उलगडा, असा सगळा ऐवज छापखान्यात पोचलेला. प्लांटमधल्या माणसाला या कामाची किंमत लगेच कळते. भट्टी थंड पडू द्यायची नसते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हा आकडा पुष्कळांना ठाऊक आहे. वृत्तपत्री लेखांत तो येतो, भाषणांत येतो, कौतुकाने येतो आणि तिथेच थांबतो. ज्या माणसाने तो घडवला तो सकाळी किती वाजता लिहायला बसत असे, एका पुस्तकाचे त्याला काय मिळत असे, कथानक अडले की तो काय करत असे, याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले. कवीच्या पत्रांचे संग्रह निघाले, नाटककारांची चरित्रे दोन-दोन खंडांत आली. रहस्यकथाकाराच्या वाट्याला मृत्युलेखाच्या दोन कॉलमांपलीकडे सहसा काही आले नाही. ज्यांनी आयुष्यभर पुरावे पेरले, त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचे पुरावे कोणी गोळा केले नाहीत. या प्रस्तावनेचे आणि पुढच्या पानांचे कारण तेवढेच आहे.

बाबुराव अर्नाळकर हे नावसुद्धा खरे नव्हे. माणसाचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसई-विरारकडच्या अर्नाळ्याची आठवण देणारे आडनाव घेऊन ते लेखक झाले आणि मूळ नाव वाचकांना कळलेच नाही. त्यांच्या नायकांचेही तसेच. काळापहाड, झुंझार, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू: ही मंडळी एका पिढीच्या घरातली होती. परवचा म्हणायच्या वेळी पाठ्यपुस्तकाच्या आत धनंजय-छोटू लपवून वाचलेली माणसे आज आजोबा आहेत, आणि त्यांना शाळेतल्या कवितेआधी झुंझार आठवतो. अर्नाळकर १९९६ साली गेले. तोवर त्यांची बहुतेक पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती.

अर्नाळकरांची एखादी जुनी प्रत हाताशी आलीच, तर वाचण्याआधी ती नीट न्याहाळावी. कागद वर्तमानपत्री, कडा चहाच्या रंगाच्या, मधल्या पानांवर टाचणीच्या गंजाचे तपकिरी डाग. मूळचे वेष्टन क्वचितच उरलेले. वाचनालयवाल्याने खाकी कागद चिकटवून पाठीला कापडाची पट्टी मारलेली. आत जांभळ्या शाईचा शिक्का, त्यात हाताने घातलेला दाखल क्रमांक. परत करताना पाने मोजून घ्यायची, कारण शेवटचा फर्मा सुटून पडायचा, आणि रहस्यकथेत शेवटचा फर्मा गेला की पुस्तक गेलेच. ही पुस्तके माणसे विकत घेऊन कपाटात ठेवत नसत. गिरगावात, पुण्याच्या पेठांत, नागपूरच्या महालात ती रोजच्या भाड्याने घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जायची. ज्यांना फारसे हात लागले नाहीत ती पुस्तके धड राहिली, आणि जी हातोहात फिरली ती फाटून संपली. आज संशोधकाला अर्नाळकरांचा पूर्ण संच एके ठिकाणी मिळत नाही, याचे मोठे कारण हे प्रेमच आहे.

भिलाईच्या पावर हाउसला बसून हा विषय मांडण्यालाही अर्थ आहे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे हे रेल्वेस्थानक. सेक्टरांतली क्वार्टर्स एका अंगाला, कॅम्पची वस्ती आणि बाजार दुसऱ्या अंगाला. कारखाना उभा राहिला तसे लोक चहूकडून आले: बंगालमधून, आंध्रातून, केरळातून, पंजाबातून, आणि नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्ध्याकडून मराठी कुटुंबे. मराठी माणूस इथे परका कधीच नव्हता. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे त्याची राजधानी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूरच होती. अशा गावातल्या मराठी वाचकाच्या हाती एकाच आठवड्यात तीन भाषांतले गुन्हे पडतात. नागपूरहून कोणी येताना आणलेला मराठी दिवाळी अंक, फलाटावरच्या स्टॉलवरून घेतलेले हिंदी पॉकेटबुक, आणि शेजारच्या बंगाली काकूंनी दुपारच्या गप्पांत सांगितलेली ब्योमकेश या गुप्तहेराची गोष्ट. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मराठी रहस्यकथा एकटी दिसते. इथून ती भावंडांमध्ये दिसते.

या भागाचे कथेशी नातेही जुने आहे. माधवराव सप्रे या मराठी घरातल्या संपादकाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढला. पुढल्याच वर्षी त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' छापली गेली, आणि हिंदीतली पहिली लघुकथा कोणती हा वाद निघाला की तिचे नाव आजही आदराने पुढे येते. त्याच १९०० साली तिकडे गाजीपूर जिल्ह्यातल्या गहमर गावाहून गोपालराम गहमरींनी 'जासूस' नावाचे मासिक सुरू केले. एकाच वर्षी, दोन आडगावांहून, दोन मासिके. एकातून हिंदी कथेची वाट निघाली आणि दुसऱ्यातून हिंदी गुप्तहेरकथेची. यातल्या पहिलीला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली.

पावर हाउसहून गाडीने तासाभराच्या आत राजनांदगाव लागते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरात मराठी, लिहिणे हिंदीत; धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार. मुक्तिबोधांना रहस्यकथाकार कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. तरी रात्रीच्या शहरातून जीव मुठीत धरून पळणारा, जे पाहू नये ते पाहिलेला माणूस त्यांच्या 'अँधेरे में' या कवितेत भेटतो, तेव्हा भयाची भाषा ही फक्त स्वस्त पुस्तकांची मिरास नाही, हे मनात पक्के होते. गुन्हा कोणी केला या प्रश्नाला त्यांनी फार मोठे उत्तर शोधले, इतकेच.

जगाच्या पाठीवर या कथाप्रकाराचा जन्म बहुतेक जण १८४१ साली धरतात. एडगर ॲलन पोने फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये पॅरिसच्या बंद खोलीतल्या दोन खुनांची गोष्ट लिहिली आणि द्यूपँ नावाचा बुद्धीने गुन्हा उलगडणारा माणूस उभा केला. ती लघुकथा होती. पुढे कादंबऱ्या आल्या, मालिका आल्या, चित्रपट आले, पण मूळ साचा लघुकथेचा आहे, हे विसरू नये. एका बैठकीत वाचायची गोष्ट. पहिल्या पानावर कोडे आणि शेवटल्या पानावर उत्तर. पोचे स्वतःचे आयुष्य मात्र उत्तराविना संपले. १८४९ च्या ऑक्टोबरात तो बाल्टिमोरमध्ये रस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत सापडला आणि चार दिवसांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गेला. त्याआधीच्या दिवसांत तो कुठे होता, हे आजही कोणाला सांगता आलेले नाही.

मराठीत ही वाट प्रथम कादंबरीच्या अंगाने आली. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स मराठीत असा मुरवला, की 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' वाचताना मूळ परके असल्याची शंकाही येत नाही. तळघरे, भुयारे, वेषांतरे, हरवलेले वारस. पुढे भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. उसनवारीचा हा प्रश्न रहस्यकथाकारांना आयुष्यभर चिकटला. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतली, हे वाचकांना ठाऊक आहे, आणि अर्नाळकरांच्या नायकांचे इंग्रज पूर्वज शोधण्याचा खेळही जाणकार खेळतात. ऋण असेल तिथे ते स्पष्ट सांगायला हवे. प्रकाशकांनी ते मुखपृष्ठामागे छापले असते, तर लेखकांची अब्रू वाढलीच असती. पण किंगचे गाव उचलून त्याला मराठी वाडा, मराठी नातीगोती आणि मराठी भीती देता येणे, हे हमालीचे काम नव्हे. ज्याला ते सोपे वाटते त्याने एक प्रकरण करून पाहावे.

लेखन हा रहस्यकथाकारांतल्या फार थोड्यांचा एकमेव धंदा होता. आर्थर कॉनन डॉयल १८९१ साली लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून दवाखाना थाटून बसला. रुग्ण फिरकेनात. मोकळ्या वेळात त्याने होम्सच्या छोट्या गोष्टी 'स्ट्रँड' मासिकाला धाडल्या, जुलै १८९१ पासून त्या छापून येऊ लागल्या, आणि दवाखाना सुटला. दोनच वर्षांत त्याला होम्सचा इतका वीट आला की त्याला कड्यावरून ढकलून त्याने मोकळा श्वास घेतला. वाचकांनी काही तो मेल्याचे मान्य केले नाही. एकूण छप्पन लघुकथा आणि चार कादंबऱ्या होम्सच्या नावे जमा झाल्या. ओ. हेन्रीची कथा याहून कडू. बँकेतल्या अफरातफरीच्या आरोपावरून तो ओहायोच्या तुरुंगात गेला. तिथे औषधे देण्याचे काम करता करता त्याने कथा लिहून बाहेर पाठवल्या. चोर आणि तिजोरीफोडे त्याने इतक्या मायेने रंगवले, त्याचे मूळ त्या कोठडीत आहे.

आपल्याकडचे नोकरदारही कमी नाहीत. सुरेंद्र मोहन पाठक १९५९ साली एका कथेने हिंदीत उतरले आणि पुढे सरकारी टेलिफोन कारखान्यातली नोकरी सांभाळत त्यांनी तीनशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. सुनील हा त्यांचा पत्रकार आणि विमल हा त्यांचा फरारी गुन्हेगार. १९७७ च्या 'पैंसठ लाख की डकैती'ने विमलला घराघरांत नेले. रत्नाकर मतकरी वीस वर्षे बँकेत होते. १९७८ साली नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाले. दिवसा खातेवही, संध्याकाळी बालनाट्याच्या तालमी, रात्री गूढकथा. मतकरींनी 'गूढकथा' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला. रहस्यकथेत शेवटी दिवा लागतो आणि सगळे स्पष्ट होते. गूढकथेत दिवा लागल्यावर दिसते की खोलीत आणखी एक दार आहे. 'खेकडा' आणि 'मध्यरात्रीचे पडघम' हे संग्रह ज्यांनी कोवळ्या वयात वाचले, त्यांच्या मनातली ती दारे अजून किलकिली आहेत. मे २०२० मध्ये कोरोनाने मतकरींना नेले, तेव्हा शोकसभाही घेता आली नाही.

या घरातला सर्वांत शिस्तीचा माणूस शोधायचा, तर अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात जावे लागते. एडवर्ड होक हे नाव मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. १९५५ साली पहिली कथा छापून आली. जाहिरात कंपनीतली नोकरी चालूच होती. १९६८ साली एका कथेला पोच्या नावाचा एडगर पुरस्कार मिळाला आणि मग त्यांनी नोकरी सोडली. 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन'च्या मे १९७३ च्या अंकापासून एकही महिना असा गेला नाही की अंक आला आणि त्यात होकची कथा नाही. हे २००८ च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालले, आणि शिल्लक कथांच्या जोरावर त्यानंतरही काही काळ. एकूण साडेनऊशेच्या आसपास कथा, जवळजवळ सगळ्या लघुकथा. त्यांचा निक व्हेल्व्हेट हा चोर फक्त बिनकिमती वस्तू चोरतो. कोणी पोहण्याच्या तलावातले पाणी चोरायला सांगितले, तर का सांगितले, हे कोडे वाचकाने सोडवायचे. एवढीशी कल्पना, आणि माणसाने त्यावर दशके काढली.

होक आणि अर्नाळकर शेजारी ठेवले की फरक टोचतो. दोघेही जवळपास एका मापाचे. होकच्या प्रत्येक कथेची तारीख, मासिक, अंक यांची सूची वाचकांनी प्रेमाने तयार केलेली आहे. अर्नाळकरांची पुस्तके कोणत्या क्रमाने निघाली, हे आज सांगायचे तर रद्दीच्या दुकानांपासून सुरुवात करावी लागेल. तिकडे मासिकाने लेखकाला महिनोन्महिने आधार दिला. इकडे बहुतेकदा एकरकमी मानधन घेऊन हस्तलिखित सोपवायचे, आणि पुढच्या किती आवृत्त्या निघाल्या हे लेखकाने दुकानात पाहायचे.

उर्दूच्या इब्ने सफींचे आयुष्य तर त्यांच्याच एखाद्या कथानकासारखे दुभंगले. १९२८ साली अलाहाबादजवळच्या नारा गावी जन्म. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू झाली, आणि त्याच वर्षी ते कराचीला गेले. पुस्तके मात्र दोन्ही देशांत निघत राहिली. हिंदी आवृत्तीत त्यांच्या कर्नल फरीदी या नायकाचा कर्नल विनोद झाला, इमरानचा राजेश झाला, आणि हमीद होता तसाच राहिला. फलाटावरच्या वाचकाने या नामांतराची फिकीर केली नाही. १९६० साली मनाच्या आजाराने त्यांची लेखणी थांबली, ती तीन वर्षे. त्या तीन वर्षांत त्यांच्या नावाची नकली पुस्तके बाजारात वाहिली. १९६३ साली ते 'डेढ मतवाले' ही कादंबरी घेऊन परतले, तेव्हा भारतातल्या प्रकाशन समारंभाला लालबहादूर शास्त्री होते. ज्या दोन देशांत दोन वर्षांनी युद्ध पेटणार होते, त्यांच्यामध्ये एक गुप्तहेर असा मोकळेपणाने ये-जा करत होता. २६ जुलै १९८०, आपल्या बावन्नाव्या वाढदिवशी, इब्ने सफी गेले.

आणि मग बंगालीतले शरदिंदू बंद्योपाध्याय. हा लेखक मराठी माणसाने आपला म्हणायला हवा, पण तसे कोणी म्हणत नाही. जन्म जौनपूरचा, १८९९ चा, शिक्षण वकिलीचे. १९३२ साली ब्योमकेश बक्षी कागदावर उतरला. पहिल्या कथेत, 'पथेर काँटा'मध्ये, कलकत्त्याच्या रस्त्यावरून चालणारी माणसे अचानक कोसळतात आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. ती पिन कुठून येते, हे इथे सांगणे योग्य नाही. एवढेच म्हणता येईल की रस्त्यावर रोज दिसणारी आणि कानांवर पडणारी एक वस्तू त्या कथेनंतर निर्धास्तपणे ऐकवत नाही. लघुकथेची ताकद अशी एका वस्तूत मावते. भिलाईत शिफ्ट सुटते तेव्हा गेटाबाहेर सायकलींचा लोंढा निघतो, तो पाहताना ही कथा आठवलेले वाचक इथे निघतील.

१९३८ साली शरदिंदू बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले. ब्योमकेश मिटला, तो जवळपास पंधरा वर्षे. कलकत्त्याला गेलेले असताना ओळखीच्या घरच्या मुलांनी विचारले, ब्योमकेश का लिहीत नाही; तेवढ्या प्रश्नावर तो पुन्हा जागा झाला. १९५२ साली चित्रपटांना रामराम करून शरदिंदू पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे ब्योमकेशच्या पुढच्या कितीतरी कथा, कलकत्त्याच्या गल्ल्या, मेसमधली खोली, त्याची बायको सत्यवती हिच्या हातचा चहा, हे सगळे पुण्याच्या हवेत लिहिले गेले. त्याच वर्षांत त्याच शहरात धारप तिशीत होते आणि पुढे रहस्यकथाकार झालेले सुहास शिरवळकर शाळेत जात होते. हे तिघे कधी एका रस्त्याने गेले असतील, असे मनात येते आणि जीव हळहळतो, की बंगाली आणि मराठी रहस्यकथेची गाठ पडायला याहून चांगली जागा आणि वेळ मिळाली नसती.

अर्नाळकरांनंतर मराठीत गती दाखवली ती गुरुनाथ नाईकांनी. मूळचे गोव्याचे. कॅप्टन दीप हा त्यांचा लष्करी नायक. बाराशेंहून अधिक पुस्तके. रहस्यकथेला त्यांनी सरहद्दीवर नेले. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या लढायांच्या बातम्या ऐकत वाढलेल्या मुलांना खुनाच्या कोड्यापेक्षा छुपी कामगिरी जवळची वाटत होती. उतारवयात त्यांच्या आजारपणाच्या आणि पैशाच्या ओढाताणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा वाचणाऱ्यांना वाईट वाटले आणि थोडी शरमही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात ते गेले. बाराशे पुस्तकांच्या धन्याला म्हातारपणी औषधाची चिंता पडावी, यात दोष त्याच्या लेखणीचा नाही. ज्या व्यवहारात ती लेखणी विकली गेली त्याचा आहे.

शिरवळकर आणि धारप यांच्या बाबतीत एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद अशी माणसे घडवणारे 'सुशि' जुलै २००३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षात गेले. बरोबर दहा वर्षांनी, २०१३ साली, त्यांची 'दुनियादारी' ही कादंबरी पडद्यावर आली आणि ज्यांनी त्यांचे एकही पुस्तक पाहिले नव्हते अशी मुले दुकानात त्यांचे नाव विचारू लागली. धारप ऑगस्ट २००८ मध्ये गेले. तेही दहा वर्षांनी, २०१८ साली, 'तुंबाड'च्या निमित्ताने परतले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक गोष्ट त्यांच्या मित्राने नागझिऱ्याच्या रानात ऐकवली होती, तिथे या चित्रपटाचे बीज पडले. नागझिरा म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याचे जंगल, भिलाईहून नागपूरकडे जाताना वाटेत लागणारा मुलूख. रात्र, जंगल आणि मित्राच्या तोंडून ऐकलेली गोष्ट: धारपांना याहून चांगला वाचक मिळाला नसता. रसायनतंत्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस भुताखेतांविषयी लिहिताना प्रयोगशाळेतल्यासारखा नेमका असे. दिवा किती वाजता मालवला, दार कोणत्या बाजूला उघडते, वास कसला येत होता, हे तो आधी सांगून ठेवतो. मग जे येते त्यावर विश्वास ठेवण्यावाचून वाचकाला गत्यंतर राहत नाही.

या लेखकांवर एक आक्षेप नेहमी येतो: यांचे गुन्हे खोटे, यांचा न्याय खोटा, खऱ्या जगात असे घडत नाही. पावर हाउसच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना भिलाईतल्या हुडको वसाहतीत, घरात झोपलेले असताना, खिडकीतून गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या वर्षी १ जुलैला पावर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. हत्येचा खटला १९९७ साली सत्र न्यायालयात शिक्षांपर्यंत पोचला, १९९८ साली उच्च न्यायालयात सगळे सुटले, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप दिली. शेवटच्या पानावर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून नाव घेणारा धनंजय इथे आला नाही. ज्या गावाने हे पाहिले, ते गाव रात्रपाळीहून परतल्यावर झुंझार वाचत असेल, तर तो पळ काढणे आहे असे म्हणायचा अधिकार कोणाला नाही. कोर्टात चौदा वर्षे लागलेल्या निकालाची भूक ऐंशी पानांत भागवणे, हे या कथांनी केलेले खरे काम आहे.

खऱ्या गुन्ह्याकडे वळलेले लेखकही मराठीत आहेत. श्रीकांत सिनकरांनी मुंबई पोलिसांच्या तपासांवरून पोलिस-चातुर्यकथा लिहिल्या. त्यांत उलगडा बुद्धीच्या चमत्काराने होत नाही. हवालदार चाळीस खोल्यांची दारे ठोठावतो आणि एकेचाळिसाव्या दारात माहिती मिळते. गिरिजा कीर तुरुंगातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना भेटल्या, त्यांच्याशी बोलत राहिल्या आणि 'जन्मठेप' लिहिले. खून झाल्यानंतरची वीस वर्षे कशी जातात, हा प्रश्न रहस्यकथेने कधी विचारलाच नव्हता. इंग्रजीत या कथाप्रकाराच्या राज्ञीपदी बायका बसल्या, आणि मराठीत मात्र रहस्यकथाकार म्हणून बाईचे नाव चटकन ओठांवर येत नाही. वाचनालयातून ही पुस्तके नेणाऱ्यांत बायका थोड्या नव्हत्या; लिहिणाऱ्यांत का नव्हत्या, किंवा कोणत्या पुरुषी नावांआड होत्या, हा तपास अजून बाकी आहे.

असे तपास पुष्कळ बाकी आहेत. छापखान्यांचे जमाखर्च, वाचनालयांच्या दाखल-वह्या, चित्रकारांची मुखपृष्ठे, लेखकांच्या घरी ट्रंकेत पडलेली पत्रे: हे सगळे अजून पूर्ण नष्ट झालेले नाही. 'नवल', 'धनंजय', 'चंद्रकांत' या नियतकालिकांचे जुने अंक कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. नागपूर-विदर्भातून बदली होऊन इकडे आलेल्या कुटुंबांच्या सामानात, क्वार्टरच्या लॉफ्टवर, खाकी वेष्टनातली चार पुस्तके सापडतील. ज्याला सापडतील त्याने ती रद्दीत देण्याआधी पहिल्या पानावरचा शिक्का आणि शेवटच्या पानावरची जाहिरात वाचावी. आगामी पुस्तकांची नावे तिथे असतात, आणि हरवलेल्या सूचीची एकेक ओळ अशीच मिळणार आहे.

शरदिंदू १९७० च्या सप्टेंबरात गेले, तेव्हा त्यांच्या मेजावर 'विशुपाल वध' ही ब्योमकेशची गोष्ट अर्धी लिहिलेली होती. नाटकाचा प्रयोग चालू आहे, प्रेक्षागृह भरलेले आहे आणि रंगमंचावर माणूस मरतो. ब्योमकेश प्रेक्षकांतच बसलेला आहे. तो उठतो, चौकशी सुरू करतो, एकेकाला प्रश्न विचारू लागतो, आणि पुढचा कागद कोरा आहे.

पावर हाउस, भिलाई